पटावरचं एकविसावं नाव

॥ धनदाई मातेची कृपा ॥

बमरोली, सुरत
शनिवार, ५ एप्रिल २०२५ (चैत्र शुद्ध अष्टमी)

ती. सौ. शोभाताईस,

धाकट्या जयश्रीचा वाकून नमस्कार. छगनदाजींनाही नमस्कार सांग आणि हर्षदाच्या दोन्ही गालांचे पापे घे. आम्ही तिघं इथे बरे आहोत. तुम्हीही बरेच असाल असं धरून लिहायला बसले आहे.

तुझं पत्र पाडव्याच्या आदल्या दिवशी मिळालं. आमच्या गल्लीत पोस्टमन आणतो ती बँकेची नाहीतर कोर्टाची कागदं. त्याने पाकीट उलटंपालटं करून विचारलं, "बेन, हे हाताने लिहिलंय?" मी म्हटलं, टायफॉइडनंतर माझ्या बहिणीला फोनवर ऐकू येत नाही, आणि आठवीपर्यंत शिकलेल्या तिचं अक्षर माझ्या दहावीच्या अक्षरापेक्षा सुरेख आहे, मग का नाही लिहिणार? तो हसत गेला.

आज अष्टमीचा उपास आहे. घट नीट चाललेत, धान हिरवंगार आलंय. ऊन मात्र आतापासूनच असं की दुपारी मिलची भिंत आणि आमची भिंत दोन्ही सारख्याच तापतात.

आता मुख्य गोष्ट. लावण्याला जूनमध्ये पहिलीत घालायचं आहे, आणि त्यावरून घरात महिनाभर अबोला-बोला चालू आहे. ती आता जाते ती म्युनिसिपालिटीची मराठी शाळा आपल्या दारापासून अकरा घरांवर. बालवाटिका आणि पहिली, दोन्हींना सरलाबाई आहेत, अमळनेरकडच्या. मुलांना अहिराणीत दटावतात आणि मराठीत शिकवतात. फी नाही, पुस्तकं मिळतात, दुपारचं जेवण मिळतं. मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

होळीनंतर एक दिवस हे कामावरून आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, "लावण्याला मिशनच्या शाळेत घालू. सिस्टर लोकांच्या."

ताई, या माणसाला मुलगी कोणत्या महिन्यातली विचारलं तर माझ्या तोंडाकडे बघतो. आणि शाळा निवडतोय! मी म्हटलं, "मिलमध्ये कोणी कान भरले का?" तर म्हणे, "इंग्रजी येईल." मी म्हटलं, "तुम्हाला इंग्रजी येत नाही म्हणून डाईंगचे कपडे रंगायचे थांबलेत का?" एरवी हसले असते. त्या दिवशी हसले नाहीत.

मागच्या शनिवारी मुलाखतीला जाऊनही आलो. हायवेच्या पलीकडे, दोन रिक्षा बदलून. आवार स्वच्छ, आसोपालवाची झाडं, दारात मेरीमातेची मूर्ती निळ्या पदराची. मोठ्या सिस्टर केरळकडच्या, पण गुजराती अशी बोलतात की भाजीवालीने ऐकत राहावं. त्यांनी लावण्याला विचारलं, "सकाळी उठल्यावर घरी काय बघतेस?" ही म्हणाली, "मम्मी देवाला उठवते." सिस्टर म्हणाल्या, "आमच्याकडेही सकाळी देवालाच हाक मारतात, बेटा." बाई चांगली आहे. ती चांगली वाटली याचाच मला राग आला.

कारण मला नाहीच घालायचं तिथे. फी आम्हाला झेपणारी नाही हे तुझ्यापासून लपवत नाही. पण त्याहून मोठं कारण दुसरं आहे, आणि ते फक्त तुलाच लिहिते.

पहिल्या वाढदिवसाला तू दिलेले चांदीचे पैंजण लावण्याच्या पायात असतात ना. ते संक्रांतीपासून काळे पडायला लागले. चिंच आणि रांगोळी लावून मी घासले, पांढरेशुभ्र झाले. चार दिवसांत परत काळे, तव्याच्या बुडासारखे. पुन्हा घासले, पुन्हा तेच. आणि देव्हाऱ्यातला धनदाईचा टाक, तोही चांदीचाच, एकाच सोनाराकडचा म्हण, तो लख्ख. म्हणजे देवीचा राग घरावर नाही, पोरीवर आहे! आमच्या गल्लीत सुमनआजी म्हणून आहेत, श्रावणात कानबाईची गाणी सांगतात. त्यांच्याकडे पैंजण घेऊन गेले. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "देवीने पायातलं धरलंय. पाय कुठे वळतायत ते बघ." मिशनचा फॉर्म त्याच आठवड्यात घरात आला होता, ताई!

तिथेच संकल्प सोडला. लावण्या आपल्याच भाषेच्या शाळेत पहिली शिकेल, आणि ती दुसरीत जाईपर्यंत मी भात सोडला.

यांना एका पायातला पैंजण काढून दाखवला. मला वाटलं, चिडतील. पण हे कितीतरी वेळ तो हातात धरून बसले, मग खाली बसून स्वतः लावण्याच्या पायातला दुसराही काढला आणि दोन्ही डब्यात ठेवले. म्हणाले, "हे घालून शाळेत पाठवू नको." एवढंच. देवीपुढे मान झुकवली असं मी समजले.

आता हर्षदाचं. तुझ्या गावच्या शाळेत चौथीपुढे वर्ग नाहीत आणि पुढच्या गावची एसटी बंद झाली, दाजी पोरीला चार किलोमीटर एकटी पाठवायला तयार नाहीत, हे सगळं वाचलं. पोर घरी बसवू नको. माझ्याकडे पाठव. हीच शाळा आठवीपर्यंत आहे. सरलाबाईंना सांगितलं तर त्यांनी माझा हात धरला. "जयश्री, पट घसरत चाललाय गं. वर्ग मोडून दुसरीकडे ढकलतील. तुझी एक आणि भाची एक, दोन डोकी मला लाखाची आहेत." मे महिन्यात शाळेतून दाखला काढून ठेव.

यांना हे सांगितलं तेव्हा मात्र विचित्र झालं. जेवत होते, ताट सरकवलं. "हर्षदाले आठे नको बलावू." मी विचारलं, का? "माले इचारू नको." माझ्या माहेरचं माणूस दोन वेळा जेवेल ते यांना जड झालं, असं मनात आलं आणि रात्रभर रडले. तू मनावर घेऊ नको. मी वळवीन यांना.

बाकी ठीक. शाळेमागच्या गटाराला हल्ली फार वास मारतो, सडक्या अंड्यासारखा. आपण अंडं खात नाही, पण तसाच असावा. या उन्हाळ्यात सरलाबाई मागच्या खिडक्या बंद ठेवून शिकवतात बिचाऱ्या. लावण्या घरी आली की डोकं दुखतं म्हणून निजते. उन्हाचं असेल. खाडीवर पांढरे बगळे उभे असायचे ते यंदा दिसत नाहीत.

हर्षदाची वाट बघते.

तुझी,
जयू

*

बमरोली, सुरत
शनिवार, ३ मे २०२५

ती. सौ. शोभाताईस,

नमस्कार. अखाजी नीट झाली असेल. आम्हीही अक्षय तृतीयेला सांजोऱ्या केल्या, आमरस केला.

हर्षदाला पाठवू नको.

आमची खोली फार लहान आहे, मी आधी विचार केला नाही. शिवाय इथे उन्हाळा सोसत नाही मुलांना. पाण्याचंही आठ दिवसांपासून जमत नाही. पुढच्या वर्षी बघू. दाखला काढला असेल तर हेडमास्तरांना सांगून परत लावून घे, ते नाही म्हणणार नाहीत. दोंडाईच्याला वसतिगृह आहे असं ऐकलंय, दाजींना तिथे चौकशी करायला सांग.

लावण्याचं मिशनच्या शाळेत नक्की झालं आहे. संकल्पाचं काय, असं तू विचारशील. त्याचं मी बघते. भात अजून सोडलेलाच आहे.

सरलाबाईंचा फोन दाजींना आला तर सांगायचं, मुलगी येणार नाही. कारण सांगू नका.

ताई, तुला वाईट वाटेल हे मला कळतं. तरी पाठवू नको. खोली खरंच लहान आहे.

तुझी,
जयश्री

*

बमरोली, सुरत
गुरुवार, १९ जून २०२५, संध्याकाळ

शोभाताई,

तुझं पत्र मिळालं. "तुझ्या लेकीला मिशन आणि माझ्या लेकीला शेणगोवऱ्या. यापुढे बहीण म्हणून लिहू नको." दोन ओळींखाली तू सहीसुद्धा केली नाहीस. बरोबर केलंस. मीही तेच केलं असतं.

दाजींनी सरलाबाईंना परस्पर फोन करून हर्षदाचं नाव लावलं आणि एकोणतीस तारखेला रविवारी ते तिला घेऊन निघणार, हे मला भाजीच्या गाडीवर सरलाबाईंकडूनच कळलं. म्हणून आता सगळं लिहिते. एकदाच लिहीन. हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल किंवा ठेव, तुझ्या मनाप्रमाणे.

मागच्या पत्रातलं सगळं खोटं होतं. खोली लहान आहे, पण ती एप्रिलमध्येही एवढीच होती.

तुला माझी वही माहीत आहे. दूध, गॅस, भाजी, सगळं लिहिते. यांची पहाटपाळी असली की तारखेपुढे खूण करते, कारण त्याचा ओव्हरटाइम महिन्याच्या शेवटी वेगळा मिळतो. त्याच्याच शेजारी लावण्याचं औषध लिहिते. कधी डोक्याची गोळी, कधी डोळ्यांत घालायचे थेंब, एकदा उलटीचं. अखाजीच्या संध्याकाळी एप्रिलचं पान मिटवायला बसले. यांच्या पहाटपाळ्या तेरा. सगळ्या सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी. लावण्याचं औषध दहा दिवस. तेही सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी. तीन दिवस सुटत होते म्हणून मला बरं वाटलं. मग पंचांग बघितलं. आंबेडकर जयंतीला शाळेला सुट्टी होती. गुड फ्रायडेला सुट्टी होती. आणि अखाजीला मीच तिला घरी ठेवलं होतं.

वही यांच्या ताटाशेजारी ठेवली. आमरसात हात होता तो तसाच राहिला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

हात धुतला, वही मिटली. मग बोलले ते थांबले नाहीत. यांच्या मिलचं वापरलेलं घाण पाणी शुद्ध करायला पाठवावं लागतं, त्याला खर्च येतो. शेठने तो वाचवायचा रस्ता काढला. आठवड्यातून तीनदा पहाटे टँकर निघतो आणि शाळेमागच्या बोळात गटाराच्या कुंडीत रिकामा होतो. ड्रायव्हर परका असतो. कुंडी कुठे, झाकण कसं निघतं, कोणाची नजर कुठून पडते, हे गल्लीतल्या माणसालाच माहीत. म्हणून हे. तोंडाला ओलं फडकं बांधायचं, लोखंडी आकड्याने झाकण उचलायचं, पाइप सोडायचा, झाकण लावायचं. सहा वाजता सगळं आटोपतं. सातला शाळेची घंटा होते, आणि खाली तुंबलेला वायू मग दिवसभर शाळेच्या मोरीतून वर येत राहतो.

"आणि पैंजण?" मी विचारलं. मला अजून तेच पडलं होतं, बघ.

हे म्हणाले, "जयू, देवीने नाही केलं ते. आमच्या खात्यात कोणी चांदीची अंगठी घालत नाही. आठ दिवसांत काळी पडते. टाक घरात होता. पैंजण शाळेत जात होते."

मी देवीवर आळ घेतला, ताई. समोर वास होता, बंद खिडक्या होत्या, पोरीचे लाल डोळे होते. आणि मी चिंच-रांगोळीने घासत बसले आणि पोरीला त्याच वर्गात ठेवायचा संकल्प सोडला. हे तिला तिथून काढायला बघत होते आणि का काढायचं ते बोलू शकत नव्हते. मिशनची फी शेठ भरणार होता. "तुझ्या पोरीला चांगल्या ठिकाणी घाल, बाकी मी बघतो," असं तो म्हणाला होता. म्हणजे शेठला पक्कं ठाऊक होतं की त्या वर्गात काय येतं.

त्या वेळी मी काय केलं? लावण्याला मिशनमध्ये घातलं. तुला तीन खोटी कारणं लिहिली. आणि गप्प बसले. माझी उचलली, हर्षदाला येऊ दिलं नाही, बाकीची तिथेच ठेवली. मनाला सांगितलं की हे हळूहळू सोडतील ते काम.

नऊ जूनला शाळा उघडल्या. मिशनची शाळा चांगली आहे, मी उगाच भ्यायले होते. कोणी तिचा देव बदलला नाही. तिसऱ्या दिवशी रिक्षात बसल्या बसल्या म्हणाली, "मम्मी, या शाळेत वासच नाही येत." मी तिचं दप्तर माझ्या मांडीवर घेतलं.

त्याच आठवड्यात सरलाबाई गाडीवर भेटल्या. मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "काय गं, घरात पैसा आला म्हणे? मराठीची लाज वाटायला लागली का?" चार बायका ऐकत होत्या. त्या खोकत होत्या, बोलताना मध्ये मध्ये थांबत होत्या. मी जुडी घेतली आणि सुटे न घेताच निघाले. त्याच हाक मारून म्हणाल्या, "भाची तरी येतेय ना, तिचं नाव मी लावलंय!"

परवाच्या सोमवारी मगनभाऊंची धाकटी मराठी शाळेत प्रार्थनेला उभी असताना पडली. मगनभाऊ समोरच्या घरातले, यांच्याच मिलमध्ये कापडाची घडी करायला असतात. हे पहाटपाळी करून येऊन झोपले होते. मगनभाऊंनी दार ठोठावलं, तर हेच उठले, पोरीला मांडीवर आडवी घेऊन मगनभाऊंच्या मागे मोटारसायकलवर बसले आणि दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी ऊन आणि रिकामं पोट सांगितलं. पोर दुपारी शुद्धीवर आली. संध्याकाळी मगनभाऊ आमच्या उंबऱ्यावर बसून हात जोडत होते, "योगेंद्रभाऊ, तुम्ही नसता तर माझी पोर गेली असती." यांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

मला वाटलं, झालं. आता संपलं. आता हे जाणार नाहीत.

काल बुधवार होता. साडेचारला उठले. ओलं फडकं स्वतःच खिशात घातलं आणि गेले.

तक्रार का केली नाहीस, असं तू म्हणशील. सरलाबाईंचे म्युनिसिपालिटीत वासाबद्दल तीन अर्ज आहेत. एकदा माणूस बघायला आला, तो नेमका मंगळवारी आला. मंगळवारी तिथे काही नसतं. आणि मी वार सांगून पकडून दिलं तर शेठ सापडणार नाही, झाकणावर ज्याचा हात आहे तो सापडेल. मी देवापुढे बसून हे दहा वेळा तोलून पाहिलं. दहाही वेळा माझं कुंकू जड झालं. तू मला काय म्हणायचं ते म्हण.

म्हणून काल हे निजल्यावर मी लावण्याला घेऊन मिशनच्या शाळेत गेले आणि नाव काढायला सांगितलं. मोठ्या सिस्टर चष्मा काढून बसल्या. "बेन, इथे तिला कोणी काही बोललं? धर्माचं काही आहे का?" मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते? त्या बाईचा चेहरा उतरला. दारापर्यंत आल्या, लावण्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जागा महिनाभर ठेवते मी." धर्म कुठेच मध्ये नव्हता, ताई. त्यांच्या बाजूने तर नव्हताच.

तिथून थेट सरलाबाईंकडे. त्यांनी पट उघडला, नाव लिहिलं आणि मोजलं. "एकविसावी. बघ, आलीस ना परत!" डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, आणि खोकल्याने वाक्य पुरं झालं नाही. आज लावण्या पहिलीत बसून आली. आज गुरुवार.

यांना दुपारी सांगितलं. आधी कळलंच नाही. मग खाटेवरून उठले.

"तू वेडी झाली का? उद्या शुक्रवार आहे!"

"माहितीय. वहीत लिहिलंय."

"पोर आहे ती आपली!"

"मगनभाऊंचीही त्यांचीच आहे."

"मी नाही गेलो तर दुसरा जाईल. शेठने दिलेली खोली जाईल, काम जाईल. झाकण काही बंद राहणार नाही जयू, दुसरा उघडेल."

"उघडू दे. दुसऱ्याची लेक त्या वर्गात नसेल. तुमची आहे."

मारायला हात उचलला. लग्नाला नऊ वर्षं झाली, पहिल्यांदा उचलला. लावण्या पाटीवर चित्र काढत होती, तिने वर बघितलं, आणि तो हात तसाच खाली आला. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून बसले आहेत. चहा ठेवला होता, त्यावर साय आली. फोन दोनदा वाजला, शेठचा असावा, उचलला नाही. नाही म्हणूनही कळवलं नाही.

वर्गात एकवीस मुलं आहेत. वीस जणांच्या बापांना कशातलं काही माहीत नाही. एकविसावीच्या बापाच्या हातात ते झाकण आहे. मला यापलीकडे काही सुचलं नाही, ताई. दहावीपर्यंतच शिकले.

तू विचारशील, हे पहाटे उठून गेलेच, तर मी सातला पोरीला खरंच त्या वर्गात नेऊन बसवीन का? मला विचारू नको. बसवीन असं यांना वाटलं पाहिजे. हे माझा चेहरा ओळखतात. म्हणून दुपारपासून मलाही तेच खरं मानून घरात वावरावं लागतंय. तिचा गणवेश धुतला, इस्त्री केला, खुंटीला लावला. यांच्यासमोर. रिबीनसुद्धा. ते करताना माझे हात थरथरले नाहीत, याची मला भीती वाटतेय.

या वेळी नवस बोलले नाही. देवीला मागण्यासारखं यात काही नाही. जे आहे ते यांच्या हातात आहे.

सहाला पेटी उघडतात, त्याआधी हे टाकायचंय. सोमवारी नाहीतर मंगळवारी तुला मिळेल. म्हणजे तू हे वाचशील तेव्हा शुक्रवार होऊन गेलेला असेल, आणि इथे काय झालं ते ठरून गेलेलं असेल. मला ते आत्ता माहीत नाही. दाजींना म्हणावं, सरलाबाईंना फोन करून एवढंच विचारा, जयश्रीची मुलगी वर्गात आहे का, आणि वर्गात वास आहे का. दोन्हींचं उत्तर ऐकल्याशिवाय हर्षदाचा हात सोडू नका. सरलाबाईंनी फोन उचलला नाही, तर मात्र तिला आयुष्यभर गोवऱ्या थापायला लावलं तरी चालेल, इकडे पाठवू नको.

तुझी बहीण होते. लावण्याची आई म्हणवून घ्यायला मात्र उद्या सकाळी सातपर्यंत थांबलेली,

जयश्री